अबवोलीचं पहिलं वाचन

अराली सकाळी नऊलाच रेडिओ केंद्रात पोचला तेव्हा खिडकीपुढे आणखी दोन घरची माणसं उभी होती. माणूस वारलं की फोर्ट पोर्टल शहरात या खिडकीशी यावंच लागतं. एक वाजता रेडिओवर नाव वाचलं जातं, गावोगावचे नातलग ते ऐकून निघतात आणि दुसऱ्या दिवशी माती होते. अरालीची बायको कबोनेसा रात्री अचानक इस्पितळात नेल्यावर पहाटे वारली होती. तिचा भाऊ डोंगरापलीकडे राहत होता आणि त्याचा फोन लागत नव्हता. त्याला न कळवता पुरलं असतं तर माहेरच्यांनी जन्मभर तोंड पाहिलं नसतं.

अडचण होती ती मुलीची; तिला आईच्या आजाराचंही ठाऊक नव्हतं. अबवोली याच केंद्रात कामाला होती. कंपालाहून पत्रकारितेची पदवी घेऊन आली होती, नोकरीला महिनाही झाला नव्हता. आई गेल्याचं लेकराला असं परस्पर कळू द्यायचं नसतं. आईनं बोलावलंय म्हणून घरी न्यायचं, आत्यानं दारातच कवेत घ्यायचं आणि मग सांगायचं. आत्या घरी थांबली होती.

"नावं कोण वाचतं?" अरालीनं खिडकीतल्या बाईला विचारलं.

"काटुरामु. दुसरं कोण?"

"नवीन मुलगी लागलीय म्हणे."

"ती बाजारात असते, केळ्यांचे भाव विचारत. शिकलेली आहे, पण माइकजवळ इतक्यात कोण जाऊ देतंय!" बाई हसली. "ओळखीची का?"

"गावाकडची," अराली म्हणाला. खरं सांगितलं असतं तर बाईनं लगेच तिला बोलावून घेतलं असतं. खिडकीत दिलेल्या घोषणेच्या चिठ्ठीतही त्यानं मुलीचं नाव घातलं नव्हतं.

बाजारातल्या गलक्यात रेडिओ ऐकू येत नाही; तेव्हा घोषणा नीट झाली याची खात्री करून मग तिला तिथून घेऊन निघायचं, असं ठरवून तो समोरच्या चहाच्या दुकानात बसला. एक वाजला. दुकानातल्या रेडिओवर गंभीर सूर वाजले आणि पोरीचा आवाज आला.

आवाज अबवोलीचा होता.

"काटुरामु कुठं गेला?" एकानं विचारलं.

"घसा बसलाय त्याचा. दहा वाजल्यापासून बोलता येईना," दुकानदारीण म्हणाली. "ही कोण पोर? किती घाई करतेय बाई! मेलेल्यांना काय बस पकडायचीय?"

दुकान हसलं. अराली उठून रस्त्यापलीकडे धावला. पहारेकरी आडवा आला, "बाबा, लाल दिवा लागलाय, आत जाता येणार नाही." अरालीनं त्याला ढकललं आणि तो काचेपाशी पोचला.

अबवोली काचेमागे वाचत होती, बाहेरच्या स्पीकरवर तिचा आवाज येत होता. एक चिठ्ठी संपली. तिनं दुसरी उचलली. "कबोनेसा," तिनं वाचलं आणि ती थांबली.

पहारेकऱ्यानं मागून अरालीचा दंड धरला होता, तो त्यानं सोडला. अबवोलीनं मान वर केली. काचेपलीकडे तिला बाप दिसला. घरातल्या सपाता पायात तशाच ठेवून तो आला होता. त्यानं हळूच मान डोलावली.

तिनं चिठ्ठी परत पहिल्यापासून वाचली. कबोनेसा, पहाटे वारली, माती उद्या दुपारी. डोंगरापलीकडच्या भावानं निघावं. मागे नवरा अराली. मग चिठ्ठीत नव्हतं तेही ती म्हणाली, "आणि मुलगी अबवोली."

तिच्यापुढे अजून एक चिठ्ठी होती. तीही तिनं वाचली, अजिबात घाई न करता. त्या घरची माणसं बाहेर खिडकीपाशी ऐकत उभी होती.

दिवा विझल्यावर ती बाहेर आली.

"मामानं ऐकलं असेल?"

"असेल."

"मी अकरा वाजता आईला फोन केला होता, बाबा. आज मला वाचायला देणार आहेत, रेडिओ लाव, हे सांगायला. कुणी उचललाच नाही."

अरालीनं कोटाच्या खिशातून कबोनेसाचा फोन काढला.

"माझ्याकडेच होता," तो म्हणाला. "तुझं नाव दिसलं. तुझ्याशी खोटं कसं बोलू, ते सुचेना. वाजू दिला."

तिनं फोन हातात घेतला आणि ती पायरीवरच बसून रडू लागली. खिडकीकडे जाणारी माणसं बाजूनं वाट काढत गेली.