कार्यमुक्त

वर्षा मॅडमची बदली आर्णीला झाली होती. पण जागेवर दुसरा शिक्षक येईपर्यंत शाळा सोडता येत नव्हती, आणि मारेगाव तालुक्यातल्या त्या आडबाजूच्या तांड्यावर यायला कोणी तयार नव्हतं. आर्णीत सासूपाशी वाढणारी तिची मुलगी समीक्षा हल्ली फोनवरही यायची नाही.

केंद्रप्रमुख संघदीप सरांनी वाट दाखवली. "उद्या मी पट मोजाले येतो. दहाच्या खाली गेला का शाळा रोडवरच्या शाळेत जाते अन् तुम्ही मोकळ्या. दहाच आहेत ना? एक पोट्टं गेलं का पेढे आणजा."

ऊसतोडीला जाणाऱ्यांची मुलं मागे ठेवायला वसतिगृह लागतं. त्याचं अनुदान यंदा आलंच नाही. दर वर्षी वर्षा दारोदार फिरून 'पोरांना नेऊ नका' म्हणून विनवायची. यंदा ती घरात बसून राहिली. बाकी नऊ पोरांची आजी-आजोबांपाशी सोय झाली होती, पण शीलाची मुलगी जमनी तर जाणारच होती. आईबाप ऊस तोडणार, मग धाकट्या भावाला फडावर सांभाळायचं कोणी?

ट्रक निघायच्या वेळी शाळेच्या दारात शीला, जमनी आणि शीलाची सासू मानीबाई येऊन उभ्या राहिल्या. गाठोडं मानीबाईच्या डोक्यावर होतं.

"मॅडम, पोट्ट्याले पाह्याले मी जातो," मानीबाई म्हणाली. "पोरीले तुमच्यापाशी ठेवा."

"आजी, तुमची कंबर..."

"कंबर इथं बी दुखते, तिथं बी दुखते."

शीला हसली. "आयकूनच नाही राह्यली पोरगी. काल दवाखान्याचा कागद घडघड वाचला तिनं. तुम्ही आमच्या बोलीतून शिकवता म्हून."

खरं होतं ते. पूर्वी प्रत्येक चाचणीत तांडा सगळ्यांच्या मागे असायचा. मग वर्षानं फळ्यावर आधी 'याडी' लिहिलं आणि त्याखाली 'आई'. तेव्हापासून मुलं वाचू लागली.

"शीला, माझी बदली झालीय. मी केव्हाही जाईन."

"जाल तवा जाल," मानीबाई म्हणाली. "आज हाये ना?"

ट्रकनं हॉर्न वाजवला. खोली लहान आहे, जमणार नाही, एवढंच वर्षाला म्हणायचं होतं. वाक्य ओठावर तयार होतं. जमनी खाली मान घालून अंगठ्यानं माती उकरत होती.

"रात्री घाबरते का ती?" वर्षानं विचारलं.

"नाही वं. तुम्ही घाबरत असान त थे सोबत करीन," शीला म्हणाली, आणि सासूला हात देऊन ट्रकवर चढवायला गेली.

दुसऱ्या दिवशी संघदीप सरांनी पोरं मोजली. पुन्हा मोजली. दहाच भरली.

"काहून केलं मॅडम असं?"

वर्षानं त्यांना चहा दिला.

संध्याकाळी आर्णीहून फोन आला. समीक्षाच होती; पटमोजणीचं तिला आजीकडून कळलं होतं. "आई, सर येऊन गेले ना? मग आता येणार ना तू?"

मागे जमनी मोठ्यानं धडा वाचत होती.

"आई, तिथं कोण वाचतंय?"

वर्षा फोन घेऊन अंगणात आली. जमनीचा आवाज तिथंही स्पष्ट ऐकू येत होता.