सी-सॉचं रिकामं टोक

मी एक जुना सी-सॉ आहे. बालवाडीच्या अंगणात, वाळूच्या चौकोनात उभा असतो. मित्रांनो, तुम्ही मला साधी फळी समजता; पण मी जन्माने तराजू आहे. बंद पडलेल्या एका वखारीतल्या मोठ्या तराजूची दांडी सुताराने उतरवली, तिच्यावर रंधा मारला, टोकांना धरायला कड्या ठोकल्या आणि म्हणाला, "जा लेका, आयुष्यभर पोती तोललीस, आता पोरं तोल." लाल रंग चढला, पण जुनी खोड गेली नाही. एकदा बसलेलं वजन मी विसरत नाही. कुणाला ही थाप वाटली, तर त्याने माझ्या पोटातल्या खिळीला विचारावं. ती माझ्याहून जास्त कुरकुरते.

ती वर्षं सुखाची होती. तीन-चार वर्षांची मुलं यायची. त्यांत एक ढब्बी होती. ती बसली की समोरचा थेट आभाळात, म्हणून ढब्बी. एके दिवशी तीच बूड घासत मध्याकडे सरकली, आणि समोरचं एकटं किडमिडीत पोर तिला आरामात उचलू लागलं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. आणखी एक गोष्ट मुलं माझ्यापाशीच शिकली. वर राहिलेल्याने म्हणायचं, "ए, आता माझा नंबर," आणि खालच्याने पाय रेटायचे. एवढ्या एका कायद्यावर अंगण चालायचं.

मग नव्या मोठ्या बाई आल्या.

"खेळायला शाळा कशाला हवी? घरी जागा नाही का?" त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

सेविका मावशी सगळ्यांच्या मावशी होत्या, ढब्बीच्या तर सख्ख्या. त्या म्हणाल्या, "बाई, एवढीशी पोरं. बोटांत पेन्सिलसुद्धा धरवत नाही त्यांना."

"म्हणूनच गिरवायचं."

दहाची खेळाची घंटा बंद झाली. दार लागलं. आतून गिरवण्याचा आवाज येई, पाखरांनी पत्र्यावर चोची घासाव्यात तसा.

तिसऱ्या दिवशी, बरोबर दहा वाजता, भर उन्हात माझ्या एका टोकावर कुणीतरी बसलं. दिसत काही नव्हतं. पण वजन मी ओळखलं. ढब्बीचं! मग समोर आणखी एक येऊन बसलं. वाळूत पावलं उमटत होती आणि पायांचा पत्ता नव्हता. आम्ही वर-खाली, वर-खाली. हसणं मात्र कुठेच नाही. न हसता खेळणारी मुलं मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. आणि ही तर पाहूनही दिसत नव्हती. मग हे रोजचंच झालं; अर्ध्या तासाने ती वजनं उतरत आणि दाराच्या फटीतून आत जात.

एके दिवशी मावशींनी खिडकीतून पाहिलं. "बाई, तो आपोआप हलतोय."

"वारा असेल."

"वाऱ्याला पावलं असतात होय?"

बाई रागावल्या. लगेच साखळी आणली आणि माझं खाली टेकलेलं टोक खुंट्याला जखडून वर कुलूप घातलं. टोकावर कुणी आहे का, हे बघायचं राहून गेलं. तिथे ढब्बीचं वजन बसलं होतं.

दुसऱ्या दिवशी मुलांची वजनं घ्यायची होती. काटा व्हरांड्यात मांडला होता, म्हणून मला सगळं दिसलं. ढब्बी काट्यावर चढली. काटा शून्यावर.

"बिघडलाय," म्हणत मोठ्या बाई स्वतः उभ्या राहिल्या. अठ्ठावन्न किलो. पुन्हा ढब्बी. शून्य.

तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली. ढब्बीच्या चपला काट्यावरच राहिल्या आणि ती वीतभर वर उचलली गेली. मावशींनी झेप घेऊन तिचा घोटा धरला. पोरगी रडली नाही, हसली नाही. बोटाने हवेत एकच अक्षर गिरवत राहिली. पुन्हा पुन्हा.

"बाई, किल्ली द्या."

"मावशी, शिस्त म्हणून काही..."

"शिस्त जमिनीवरच्या पोरांना लावा! ही माझ्या हातातून चाललीय."

बाईंनी किल्ली काढून दिली. कुलूप निघालं, साखळी गळून पडली. टोक मात्र खालीच राहिलं. मावशींनी ढब्बीला धरून वरच्या टोकावर बसवलं. बाईंनी खालचं टोक दोन्ही हातांनी उचलून पाहिलं. मी तसूभर हललो नाही. म्हणजे मला हलताच येईना.

"ढब्बे," मावशी म्हणाल्या, "तू काय म्हणायचीस गं? तेच म्हण ना."

ढब्बीने रिकाम्या टोकाकडे पाहिलं. तिचं बोट थांबलं.

"ए, आता माझा नंबर."

वाळूत दोन पाय रेटल्याच्या खुणा उमटल्या. रिकामं टोक वर गेलं. ढब्बी खाली, खाली, खाली आली आणि आपल्या पूर्ण वजनासकट थप्पकन वाळूत रुतली.

"मावशी, सोड ना पाय, दुखतोय!" ती म्हणाली, आणि खिदळली.

त्या दिवसापासून दहाची घंटा पुन्हा वाजते. पण तेवढ्यावर भागलं नाही. मुलं घरी गेली की मोठ्या बाई अंगणात येतात. पहिल्यांदा आल्या, तेव्हा माझं एक टोक आधीच खाली टेकलेलं होतं. पाचेक वर्षांच्या मुलीचं वजन. पण मी कधीच न तोललेलं. बाई त्या टोकाकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, चष्मा काढला आणि स्टूल लावून वरच्या टोकावर बसल्या. अठ्ठावन्न किलो, मित्रांनो! तरी टोक खाली येईना. बाईंचे पाय अधांतरी.

"ए," त्या हळूच म्हणाल्या, "आता माझा नंबर."

अजून रोज म्हणतात. समोरून अजून कुणी पाय रेटलेले नाहीत.

म्हणून सांगतो, मित्रांनो. माझ्या खिळीला अधूनमधून तेल घाला, मला पावसात कुजू देऊ नका. आणि मोठं झाल्यावर कुणाच्या खेळाला कुलूप लावायची वेळ आलीच, तर आधी रिकाम्या टोकाकडे नीट बघा. तुमचा नंबर आज आहे, आजच मागा. फार उशीर झाला, तर समोर बसलेलं आपलंच लहानपण आपल्याला ओळख देत नाही.