दरवर्षी यायचं होतं

मित्रांनो, मी एक जुनी स्कूटर आहे. खडकीच्या क्वार्टर्समध्ये जिन्याखाली उभी असते. मला भंगार म्हणणाऱ्यांनी आधी माझ्या आरशात स्वतःचं तोंड बघावं.

कारखान्यात कायम झाल्यावर आनंदरावांनी मला घेतलं, पण चालवलं ते त्यांच्या बायकोने, दीपमालाताईंनी. भाजी, शाळा, बँक, सगळीकडे आम्ही दोघी. ताईंची आई आणि मावशी अंडाशयाच्या कर्करोगाने गेल्या. म्हणून ताईंनी रक्त तपासून घेतलं, तर आईकडून आलेला जनुकातला दोष त्यांच्यातही निघाला. चाळिशीत त्यांनी शस्त्रक्रिया करून दोन्ही अंडाशय काढून टाकले. केवढं धाडस ते!

टाके काढून परत निघताना, दवाखान्याच्या पार्किंगमध्ये त्या म्हणाल्या, "अहो, डॉक्टर म्हणतात, त्याच दोषामुळे स्तनाच्या कर्करोगाचा धोका अजून आहेच. दरवर्षी तपासायला यायचं."

"काढलंय ना आता? सुटलीस! उगाच डोक्याला ताप नको," आनंदराव म्हणाले. माणूस वाईट नाही हो. घाबरलेला होता, इतकंच.

पुढचं वर्ष लेकीच्या, अपेक्षाच्या, दहावीत गेलं. मग घराचा रंग, मग नणंदेचं लग्न. माझं सर्व्हिसिंग मात्र एकदाही चुकलं नाही! आनंदराव कॅलेंडरवर खूण करून ठेवायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण माझा हॉर्न वाजायलाही कुणाचा तरी अंगठा लागतो.

पाचव्या वर्षी ताईंच्या हाताला छातीत गाठ लागली. तोवर रोग काखेपर्यंत पोचला होता. आनंदराव माझ्या सीटवर डोकं टेकून रडले. मला त्यांची दया आली आणि रागही आला.

मित्रांनो, तुमच्या आईला, आत्याला डॉक्टरांनी पुन्हा बोलावलं असेल, तर "जाऊन आलीस का?" एवढं तरी विचारा. आमच्या घरी ते कुणी विचारलंच नाही.

अपेक्षा आता नोकरी करते. तिचीही रक्ततपासणी व्हायला हवी, पण "प्रोजेक्ट संपू दे गं" म्हणत तिने दोनदा पुढे ढकलली. आज सकाळी ताई डोक्याला रुमाल बांधून, कठड्याला धरत खाली आल्या आणि त्यांनी मला चालू केलं.

"बस मागे."

"आई, तू चालवणार? अशा अवस्थेत?"

"मी आहे तोवर मीच नेणार. मग कोण मागे लागेल तुझ्या?"

अपेक्षा मागे बसली. आम्ही निघालो.