गुंडेरावाची बाही

पांडुरंगराव कोपराच्या लवणीत कापूस दाबून धरत गुलबर्ग्याच्या दवाखान्यातल्या खाटेपाशी आले, तेव्हाच अनसूयेला कळलं की नवऱ्याचंही रक्त चाललं नाही.

"गुठळ्या झाल्या," ते म्हणाले. "माझा गट ओ, तुझाबी ओच म्हणून सांगितलेलं. पण काचेवर दोन्ही थेंब एक केले की दूध फाटल्यावानी होयलंय."

बसवकल्याणच्या शाळेत गणित शिकवणारा माणूस. दोन्हीकडं सारखंच असून उत्तर कसं चुकतं, हे त्यांना उमजेना. अनसूयेच्या अंगावरून जाणं थांबत नव्हतं आणि पोटातल्या गाठीचं ऑपरेशन रक्ताशिवाय होणार नव्हतं. शाळेतले मास्तर, शेजारचे रामराव, गुलबर्ग्याच्या डाळमिलमधले हमाल, सगळे ओ गटाचे. थेंब देऊन गेले आणि एकाचाही जुळला नाही.

डॉक्टरीणबाई कानडी वळणाच्या मराठीत बोलल्या.

"हे ओ न्हाई. ओसारखं दिसतंय, एवढंच. पहिल्यांदा मुंबईला सापडलं म्हणून त्याला मुंबईचं नाव. आपल्या भागात थोड्या घरांत असतंय. ह्यांना ओची बाटली चढवली तर जीवावर बेतेल. सख्खा भाऊ हाय का?"

भाऊ दारातच उभा होता. मंठाळहून आईला, मालतीबाईंना, घेऊन आलेला गुंडेराव. त्याचा थेंब अनसूयेच्या थेंबात पाण्यात पाणी मिसळावं तसा मिसळला.

"तुमच्यात मुलगी मामाला देतात?" डॉक्टरीणबाईंनी मालतीबाईंना विचारलं.

"देतात की. मला माझ्या मामालाच दिलेली, माझ्या आईलाबी तसंच." मालतीबाईंनी पदर सारखा केला. "हिनं तेवढं मोडलं."

"म्हणूनच. आईबाप दोघांकडून तेच आलं की असं होतंय. हिनं बाहेर लग्न केलं ते बरं झालं. हिच्या मुलीचं रक्त तपासलंय, साधं ओ हाय. तिला रक्तासाठी अडायचं न्हाई." आणि त्या ऑपरेशनच्या तयारीला गेल्या.

एवढ्या ग्लानीतही अनसूयेला हायसं वाटलं. तिनं खिडकीशी उभ्या असलेल्या सुशीलेकडं पाहिलं. पोर मॅट्रिकला होती, पुढं गुलबर्ग्याच्या कॉलेजात जायचं म्हणत होती. गेल्या दिवाळीत मालतीबाई गुंडेरावासाठी तिला मागायला नारळ घेऊन आल्या होत्या, आणि अनसूयेनं तो उंबऱ्यावरूनच परत पाठवला होता. त्यानंतर आईनं लेकीच्या घरचं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं.

मालतीबाई खाटेच्या कडेला टेकल्या. पिशवीतून त्यांनी कुंकवाचा करंडा काढला आणि औषधांच्या बाटल्या सरकवून स्टुलावर ठेवला. मरणाच्या दारात लेक पडलेली असताना आई करंडा बांधून आणते, याचं नवल करायचंही बळ अनसूयेत उरलं नव्हतं.

"पोरीचं रक्त बाहेर गेलं," त्या शांतपणे म्हणाल्या. "घरात आणाया पाहिजे."

"आई, डॉक्टरनं उलटं सांगितलं."

"डॉक्टर काय, आज हाय उद्या न्हाई. आज तुझ्या कामाला कोण यायलंय? घरचंच न्हवं? मी कुठं न्हाई म्हणायले? गुंडू रक्त देईल. सुशीले, ये, मामापाशी बस. कुंकू लावते. शुभ काम झालं की तो आत जाईल." त्यांनी करंडा उघडून बोट कुंकवात बुडवलं.

गुंडेराव बाही दंडापर्यंत दुमडून बाकावर बसला होता आणि आपल्या पायांकडं बघत होता. लहानपणी तो अनसूयेच्या कडेवरून उतरत नसे. तिनं थोपटल्याशिवाय त्याला झोप यायची नाही.

"सासूबाई, ही वेळ न्हाई..." पांडुरंगरावांनी तोंड उघडलं. मग बायकोच्या पांढऱ्या पडलेल्या ओठांकडं पाहिलं, लेकीकडं पाहिलं आणि वाट सोडून बाजूला सरकले. अनसूयेला त्यांचा राग आला आणि कीवही आली.

सुशीला खिडकीपासून निघाली.

"आई, मी बसते," ती म्हणाली. "तू बरी हो."

 अनसूयेनं कोपरावर जोर देऊन मान उचलली.

"बसायचं न्हाई. अहो, हिला घेऊन ष्ट्यांडवर जा. बसवकल्याणची गाडी मिळंल. परीक्षा हाय तिची."

"तुला अशी सोडून?"

"व्हय. मी सांगायलेय न्हवं? जावा."

पांडुरंगरावांनी लेकीचा हात धरला. ती मागं वळून वळून बघत होती. जिन्यावरचा चपलांचा आवाज विरेपर्यंत अनसूयेनं दारावरची नजर काढली नाही. मग ती उशीवर पडली आणि आपला हात भावाच्या बाजूला चादरीवर ठेवला.

"गुंडू, कुंकू लावायला आता इथं कोणी न्हाई. तुझं तू सांग."

दारात सिस्टर रिकामी बाटली घेऊन उभी राहिली.

"रक्त कोण देणार? चला लवकर."

गुंडेराव उठला. बाही तशीच वर होती. तो अक्काच्या हाताकडं बघत राहिला, आणि मग त्यानं आईकडं पाहिलं.

मालतीबाईंचं बोट अजून करंड्यातच होतं.