बगळ्यांच्या मानेची बोट

रावजी आबांनी तिसऱ्यांदा शेळी सोडली आणि पुन्हा त्याच खुंट्याला बांधली.

"आबा, त्या मुक्या जनावराला जरा तरी सुख लागू द्या की," ओसरीवर गवार मोडत बसलेली त्यांची सून सोनल म्हणाली. "प्रगती भवानीनगरच्या फुडं आलीया. आत्ताच फोन केला तिनं."

"मी कुठं काय म्हनतोय?" असं म्हणत आबा फाटकापर्यंत गेले, रस्त्याकडं बघून परत आले. उजव्या हाताचा अंगठा धोतराला घासणं चालूच होतं. ही त्यांची जुनी खोड. बाकी हाताला स्वस्थता असायची, पण त्या अंगठ्याला कधी नाही. घरातली पोरं त्यावरून त्यांची नक्कल करायची आणि आबाही हसून सोडून द्यायचे.

आठ दिवस झाले, ऐंशी वर्षांच्या ह्या माणसाचा जीव थाऱ्यावर नव्हता. आणि कारण काय, तर एक बोट! लासुर्ण्यात पाणी बघायचं ते कालव्याचं, तेही पाळी आली तर. पण आबांचे आजोबा हिंदुराव १९१३ साली मुंबईला जाऊन इंग्रजांच्या लढाऊ बोटीवर कोळसा ओढायला लागले. पुढं मोठं युद्ध सुरू झालं. एडनहून एक कार्ड आलं, त्यात बोटीचं नाव होतं, आणि मग सगळं बंद. युद्धावरून परत आलेल्या शेजारगावच्या एका खेचरवाल्यानं सांगितलं, की बोट बुडाली, मी किनाऱ्यावरून ह्या डोळ्यांनी बघितली. तेव्हापासून पितृपंधरवड्यातल्या चतुर्दशीला हिंदुरावांचं पान कालव्यात सोडायचं. पाण्यात गेलेल्याचं पाण्यात. यंदाची चतुर्दशी सहा दिवसांवर आली होती.

आणि यंदाच आबांनी बारामतीला कॉलेजात शिकणाऱ्या नातीला ते कार्ड दाखवून विचारलं होतं, "ह्या बोटीचं फुडं काय झालं, ते घावंल का गं तुमच्या त्या फोनात?"

फाटकात स्कूटी थांबली. प्रगतीनं हेल्मेट काढायच्या आत आबा समोर उभे.

"घावलं?"

"आबा, पाणी तरी पिऊ द्या! सगळं घावलंय. मराठीत लिहून आणलंय वहीत." ती ओसरीवर टेकली. "आता तुम्ही पण बसा. तुम्ही असे उभे राहिलात की मला तोंडी परीक्षा असल्यासारखं वाटतं."

आबा टेकले, पण बूड काही नीट टेकलं नाही.

"एचएमएस स्विफ्टशुअर," प्रगतीनं वही उघडली. "मुळात ही इंग्रजांची नव्हतीच. चिली देशानं बांधायला टाकलेली. मग त्यांना नको झाली आणि इंग्रजांनी घेतली."

"म्हंजी दुसऱ्याच्या मापाचं शिवल्यालं," सोनल म्हणाली.

"अगदी तसंच, आई. आणि एक नाही, दोन घेतल्या. हिची जोडीदारीण ट्रायम्फ. १९०४ ला तयार झाली. मग इंग्लंडच्या आसपासच—"

"वगळू नगं," आबा म्हणाले. "एकूण एक साल वाच."

प्रगतीनं आईकडं बघितलं. आईनं मान हलवली. मग तिनं सगळं वाचलं. कुठल्या ताफ्यात, कधी दुरुस्तीला, किती वर्षं भूमध्य समुद्रात. आबा मध्येच उठले, माठावरचं झाकण सरळ केलं, परत बसले.

"१९१३, आपल्याकडच्या समुद्रात आली."

"तवाच गेलं आजं."

"१९१४. आपल्या शिपायांना मुंबईहून एडनला नेणाऱ्या बोटींवर राखण. मग सुएझचा कालवा."

"तितंच गाठ पडली त्या खेचरवाल्याची. आजानं त्येला खूण सांगितली, माझ्या बोटीवर वजन उचलायच्या दोन याऱ्या हायत, बगळ्याच्या मानंवानी वाकड्या. दुसऱ्या कुठल्याच बोटीवर न्हाईत." आबांचा अंगठा जोरात घासायला लागला. "वाच."

"१९१५. तुर्कस्तानाच्या किनाऱ्यावर. पंचवीस मे." प्रगती थांबली. "पाणबुडीनं टॉर्पेडो मारला, बोट उलटी झाली आणि बुडाली. पण आबा, ती ट्रायम्फ."

"आन् आपली?"

"आपलीला काही नाही झालं. सप्टेंबरात तिच्यावरही नेम धरला होता, चुकला. हे बघा." तिनं मोबाइलवर दोन फोटो शेजारी शेजारी आणले. दोन्ही बोटींच्या मधोमध दोन-दोन याऱ्या, वाकड्या मानांच्या. आबांनी मोबाइल डोळ्यांपाशी नेला, लांब धरला, परत डोळ्यांपाशी नेला.

"बगळं दोनीवर हायत," ते म्हणाले.

"व्हय. त्या माणसानं बगळे बघितले आणि आपलीच समजला."

"फुडं?"

"१९१६, अटलांटिकमध्ये राखण. १९१७ ला इंग्लंडला परत, तिथं बोटीवरची माणसं उतरवली. १९१८ ला शत्रूची वाट अडवायला तिला एका बंदराच्या तोंडाशी मुद्दाम बुडवायचं ठरलं होतं, तेही रद्द झालं. १९२० च्या जूनमध्ये भंगारात विकली." प्रगतीनं वही मिटली. "आबा, ती बुडालीच नाही कधी."

सोनलच्या हातातली शेंग तशीच राहिली. "अगं बया! मग माणूस गेला कुठं?"

"ते कुठंच नाही. हा बोटीचा इतिहास आहे, आई. कोळसेवाल्यांची नावं कोण लिहितंय?"

आबा उठले नाहीत. आठ दिवसांत पहिल्यांदा ते एका जागी बसून राहिले, आणि त्यांना तसं बघून सोनलला काळजी वाटली.

"आबा? चहा टाकू?"

"सारजाआजी कुंकू लावायची," आबा म्हणाले. "माझी आजी. गाव नावं ठेवायचं, भावकी तोंडावर बोलायची, पन बया ऐकंल तर शप्पथ. म्हनायची, बोट बुडाली आसंल, माझा मानूस न्हाय. चतुर्दशीला घरात पान वाढायचं तवा ही उठून रानात जायची. मी धा वर्साचा आसताना गेली. जाताना म्हनली, मला हिरवं लुगडं नेसवा, माझी वटी भरा. सवाष्ण म्हनून न्या."

"मग?"

"भावकीनं पांढरं आनलं. म्हनले, आधी कपाळ पुसा. आता पुसनार कोन? बाया मागं सरल्या. मग कुनीतरी म्हनलं, पोराला सांगा, पोराच्या हाताला दोष न्हाय." आबांनी अंगठा समोर धरला. "वल्या फडक्यानं निघंना. मग मी ह्यानं घासलं. निघूस्तवर घासलं."

प्रगतीनं त्यांचा हात धरला. अंगठ्याची कड घासून घासून गुळगुळीत झाली होती. इतकी वर्षं नक्कल केली, पण कधी हात धरून बघितला नव्हता. तिला स्वतःचा राग आला.

सोनलनं बेतानंच म्हटलं, "पण आबा, बोट न्हाय बुडाली म्हणून पणजंसासरे जिते होते असं कुठं हाय? लढाई ती. आजाराबिजारानं आधीच गेले असतील."

"गेलंबी आसतील. मला न्हाय ठावं," आबा म्हणाले. "पन मी पुसलं, तवा तरी कुठं ठावं व्हतं?"

सोनलनं शेंगांची पाटी बाजूला सारली.

"आज अष्टमी नव्हं?" आबांनी विचारलं.

"व्हय. उद्या अविधवा नवमी."

"मग उद्याला एक सवाष्ण सांग जेवाया. आजीच्या नावानं."

"सांगते. आणि चतुर्दशीचं पान?"

"यंदा कालव्यात न्हाय सोडायचं." आबा उठले, खुंटीवरची टोपी घेतली, डोक्यावर नीट बसवली आणि प्रगतीकडं वळले. "चल. तुझ्या गाडीवर बसतो मी, मला जंक्शन गावच्या बाजारात ने."

"आत्ता? काय आणायचंय?"

"लुगडं," आबा म्हणाले. "दुकानदार दहा रंग दाखवंल, तू बघत बसू नगं. हिरवंच घ्यायचं."