तीनदा फिरवला, लागला नाही

मी एक जुना दूरध्वनी आहे. काळा, जड आणि चकतीचा. मित्रांनो, तुम्हाला मित्र म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणतो. तुमच्यापैकी निम्म्यांनी माझ्या चकतीच्या भोकांत बोट घालून नुसतं दाबलं आहे आणि "हा बंद आहे" असं जाहीर केलं आहे. मी बंद नव्हतो. तुम्ही होता.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे मला दोनदा जमिनीवर आपटलं आणि फुटलो नाही म्हणून उत्तीर्ण केलं. इतकी सरळ परीक्षा मी पुन्हा पाहिली नाही, कारण पुढचं सगळं आयुष्य महाविद्यालयात गेलं. सुरुवातीला मी प्राचार्यांच्या टेबलावर होतो. माझ्यावर विणलेला रुमाल असे. पाहुणे माझ्याकडे बघून आवाज खाली घेत. मग तिथे बटणांचा फोन आला आणि मला पत्रकारिता विभागाच्या स्टोअरमध्ये पाठवलं. रुमाल मात्र त्यांनी ठेवून घेतला.

स्टोअर म्हणजे एक लांबट खोली. रॅकवर कॅमेरे, तिपाया, माइक, केबलींची वेटोळी. दारापाशी एक टेबल. टेबलाच्या एका कोपऱ्यात मी आणि खुर्चीत काका. विद्यार्थी त्यांना काका म्हणतात, सर काका म्हणतात, मीही म्हणतो. काका सामान देतात, सामान परत घेतात आणि केबलीचा गुंता करून आणणाऱ्याला "घरी चपलापण अशाच काढता का रे?" असं विचारतात. माझ्यावर ते रोज कोरडं फडकं फिरवतात. दुपारी एक वाजता त्यांच्या बायकोचा फोन येतो. ती विचारते, "जेवलात का?" ते म्हणतात, "बसतोय." चौदा वर्षं हेच संभाषण चालू आहे आणि दोघांपैकी एकानेही माघार घेतलेली नाही.

दुसऱ्या वर्षाला 'माध्यम कायदे आणि आचारसंहिता' हा विषय असतो. बदनामी कशी होते, खासगीपणा म्हणजे काय, बातमीत दुसऱ्याची बाजू का घ्यायची, हे सगळं त्यात येतं. तो शिकवणारे सर फार तत्त्वाचे. निदान फळ्यावर तरी. त्यांनी प्रात्यक्षिक म्हणून दर सोमवारी भित्तिपत्रक काढायला लावलं आणि एक नियम केला. बातमीत ज्याच्यावर आरोप असेल त्याला विभागाच्या फोनवरून, म्हणजे माझ्यावरून, फोन करून त्याची बाजू विचारायची. माझ्याशेजारच्या वहीत वेळ लिहायची. तोंडी विचारलेलं चालणार नाही, कारण त्याची नोंद राहत नाही. 'दुसऱ्याची बाजू' या कामाला दहा गुण.

गुण आले म्हटल्यावर पोरं आली. रांगा लागल्या. बहुतेकांनी मला उचललंसुद्धा नाही. वहीत वेळ लिहिली आणि बातमीत लिहिलं, "वारंवार दूरध्वनी करूनही संपर्क होऊ शकला नाही." मित्रांनो, ही माझी बदनामी होती. त्या एका सत्रात माझ्यावरून एकोणीस जणांशी संपर्क होऊ शकला नाही. मी उत्तम स्थितीत होतो. माझा वकील असता तर तुमच्यातला एकही पदवीधर झाला नसता.

एक मुलगी मात्र प्रामाणिक होती. खरं नुकसान तिनेच केलं. सगळे तिला टॉपर म्हणत.

झालं असं, की वार्षिक मोजणीत एक कॅमेरा कमी भरला. प्राचार्यांनी सूचना लावली, "भांडारपालाच्या ताब्यातील एक कॅमेरा आढळून येत नाही." टॉपरला बातमी मिळाली. आता भांडारपाल म्हणजे आमचे काका. पण काकांना हुद्दा असू शकतो हे त्या विभागात कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. टॉपरच्या मते भांडारपाल म्हणजे कुठल्या तरी केबिनमध्ये पडदे ओढून बसलेला, सोनेरी चष्म्याचा, संशयास्पद माणूस.

तिने महाविद्यालयाच्या पुस्तिकेतून भांडारपालाचा नंबर काढला. तो माझाच नंबर होता. मग ती माझ्याकडे आली.

"काका, एक फोन करू?"

"कर की," काका आतल्या रॅकमागून ओरडले. ते तिपाया मोजत होते.

तिने माझ्यावरून मला फोन लावला. मी काय करणार? मी व्यस्त होतो. तिने पुन्हा फिरवला. मी पुन्हा व्यस्त. तिसऱ्यांदाही तेच.

"काका, सारखा एंगेज येतोय हो."

"कुणाला लावतेस?"

"सांगता येत नाही. गोपनीय आहे."

"बरं बाई. पाणी पी. माणूस कामात असेल."

ती काकांच्या तांब्यातलं पाणी प्यायली. मग वहीत तिन्ही वेळा लिहिल्या, अगदी मिनिटांसकट. सोमवारी भित्तिपत्रकावर अर्धं पान लागलं. 'कॅमेरा गायब, भांडारपालाचे मौन.' खाली, "तीन वेळा दूरध्वनी केला असता तो सतत व्यस्त ठेवण्यात आला होता." ठेवण्यात आला होता! सरांनी लाल शाईने दहापैकी नऊ गुण दिले आणि शेरा मारला, "पडताळणी उत्तम."

आता मी तुम्हाला सांगतो, कारण मी टेबलावरच होतो. कॅमेरा सरांच्या घरी होता. तीन आठवड्यांपूर्वी सर आले होते. "काका, मुलीचा वाढदिवस आहे, उद्या आणून देतो, नोंद कशाला करताय?" काकांनी नोंद केली नाही, आणि तो 'उद्या' काही उगवला नाही. सर माणूस, रोजचा माणूस. आणि हेच सर सगळं ठाऊक असून त्या पानावर सही करून मोकळे झाले.

दुपारपर्यंत काकांच्या हातात कारणे दाखवा नोटीस पडली. आठ दिवसांत खुलासा करा, नाहीतर निलंबन. काका त्याच महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलीचे वडील. ती त्या दिवशी भित्तिपत्रकासमोरून मान खाली घालून गेली, असं शिपायाने येऊन सांगितलं. न सांगता राहवलं नाही त्याला. माणसांचं असंच असतं.

एक वाजता बायकोचा फोन आला. तिने "जेवलात का?" विचारलं नाही.

"पोरगी सांगत होती. खरं का हो?"

"नाही."

"बरं. मग डबा संपवा."

अख्ख्या प्रकरणात काकांना विचारणारी ती एकटी. तिने या विषयाची परीक्षा दिलेली नाही.

काकांनी सरांना गाठलं. सर म्हणाले, "बघतो, जरा दोन दिवस थांबा." लेखी काहीच नव्हतं, तेव्हा थांबण्यावाचून काका करणार काय?  केबली तशाच पडल्या. माझ्यावर धूळ बसली.

तिसऱ्या दिवशी टॉपर परत आली. तिला भांडारपालाची प्रतिक्रिया हवी होती. "काका, एक फोन." काकांनी मान खाली ठेवूनच माझ्याकडे बोट केलं. ती चकती फिरवू लागली. खोली शांत होती आणि चकती परत येताना मी टकटक आवाज करतो. काका तो ऐकत होते. चौथ्या आकड्याला त्यांनी मान वर केली. शेवटच्या आकड्याला ते उभे राहिले.

"हा तर इथलाच नंबर आहे."

"नाही काका, हा भांडारपालाचा."

काकांनी नोटीस तिच्यासमोर सरकवली. तिने वरचा हुद्दा वाचला. मग काकांकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी अजूनही व्यस्त होतो.

काकांनी तिच्या हातातून माझा रिसीव्हर घेतला आणि टेबलावर आडवा ठेवला. "आता विचार. समोर बसलोय."

तिने तांब्याकडे बघितलं. या वेळी पाणी मिळालं नाही. "कॅमेरा... कुठे आहे?"

"तुझ्या सरांच्या घरी. वाढदिवसाला नेलाय."

टॉपरने रिसीव्हर जागेवर ठेवून लाइन तोडली. मग तिने रिसीव्हर उचलला आणि सरांचा नंबर फिरवला.  ते दहा गुण सरांच्या हातात होते, सत्राचा निकाल सरांच्या हातात होता.

"सर, कॅमेऱ्याबद्दल तुमची बाजू हवी होती."

 मग सर म्हणाले, "अगं, मी आत्ता घाईत आहे. असं कर... लिही, संपर्क होऊ शकला नाही."

तिने लिहिलं. शब्दन् शब्द लिहिला. "याबाबत सरांना दूरध्वनी केला असता, 'लिही, संपर्क होऊ शकला नाही,' असे त्यांनी सांगितले." त्याच्या वर, पहिल्या बातमीच्याच आकाराच्या अक्षरांत, आधीची बातमी चुकीची असल्याचं आणि ती आपल्याकडून कशी चुकली याचं वर्णन होतं. तिने सरांची सही घेतली नाही. मधल्या सुट्टीत स्वतः टाचण्या लावून पान लावलं आणि पळून गेली नाही, तिथेच उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी काका यायच्या आधी कॅमेरा टेबलावर होता. पिशवीला केकचं क्रीम लागलं होतं. आत वाढदिवसाचं अख्खं चित्रण तसंच होतं. शिपाई म्हणाला, "बघूया की जरा!" काकांनी झाकण लावलं. "दुसऱ्याच्या घरातलं आहे ते." खासगीपणाचा कायदा त्या विभागात एकालाच येतो आणि तो केबली गुंडाळतो.

प्राचार्य म्हणाले, "काका, नोटीस विसरून जा आता." काका म्हणाले, "लेखी द्या." तासाभराने लेखी आलं. टॉपरला नव्या बातमीला दहापैकी तीन गुण पडले. शेरा होता, "भाषा उद्धट." काकांनी तिला माफ केलं का? नाही. तिला सामान देतात, नोंद करतात, सही घेतात. पाणी अजून विचारलेलं नाही.

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी विनंती करायची असते. माझी आहे. मला ओल्या फडक्याने पुसू नका. भोकांत बोट घालून दाबू नका. आणि एखाद्या माणसाबद्दल अर्धं पान लिहायचं असेल, तर आधी तो कुठे बसतो ते बघा, जाऊन त्याच्यासमोर बसा आणि विचारा. तो चिडेल, तुम्हाला वाट्टेल ते बोलेल. बोलू द्या. तेही लिहून घ्या.