आमच्या ह्यांचा निळा ट्रक

आमचे हे रिटायर झाले आणि त्यांना ट्रकची स्वप्नं पडायला लागली. तीही दिवसाढवळ्या. मेथी निवडता निवडता हात थांबायचा, नजर खिडकीबाहेर जायची आणि रिकाम्या रस्त्यावर ह्यांना ट्रक उभा दिसायचा. जन्मभर जबलपूरच्या फॅक्टरीत फौजेच्या ट्रकांना गिअरबॉक्स बसवले. ट्रक तयार व्हायचा, फाटकातून निघायचा आणि कुठल्या तरी सरहद्दीकडे निघून जायचा. "विनता, एक तरी आपल्या दारात राहावा, असं वाटतं गं," हे म्हणायचे. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? तरी मी भांडायचीच. हाती फक्त फंडाचा पैसा होता आणि तो बुडाला असता तर ह्या वयात आमच्याकडे दुसरं काही नव्हतं.

जबलपुरातच, घमापूर भागात एक निळा ट्रक विकायचा आहे, असं ह्यांना कळलं. मालक आलोक, तिशी ओलांडलेला, स्वतःच चालवायचा. जवळच्या पाटन गावाहून मटार भरून मंडईत आणायचा. मराठी घरातला निघाला, म्हणून हे आणखीच विरघळले. त्यानं गाडी सुरू केली आणि हे बॉनेटवर हात ठेवून डोळे मिटून उभे राहिले. मी ह्यांना, चिंतामणीरावांना, देवापुढेसुद्धा असं उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं.

"काका, क्लच घसरून राहिला आहे," आलोक म्हणाला. "मागचे स्प्रिंगचे पाटे बदलले. खोटं काहून बोलू?"

मग मलाही केबिनमध्ये चढवलं. हिवाळ्याची सकाळ होती, धुकं निवळलं नव्हतं. उंचावरून घमापूर भलतंच दिसलं. भिंतींपलीकडची अंगणं, वाळत घातलेल्या वड्या, छपरावर झोपलेलं मांजर, आणि त्या सगळ्यावरून आपण हळूहळू वाहत चाललोय असं वाटत होतं. मागे मटाराच्या शेंगांचा ओला, गोडसर वास. मला ते सगळं फार आवडलं, आणि आवडलं म्हणून माझाच मला राग आला.

घरी आल्यावर आमच्या लेकीनं, ऋचानं, ट्रकचा नंबर फोनमध्ये टाकला. "आई, इस पे तो लोन है," ती म्हणाली. "फायनान्स कंपनीचं नाव दिसून राहिलं. किश्त नहीं भरी तो गाडी उठा लेंगे."

खरंच होतं. कर्ज आलोकचं असलं तरी ते गाडीला चिकटलेलं होतं. आम्ही सगळे पैसे आलोकला दिले असते आणि त्यानं ते तिथे भरले नसते, तर वसुलीच्या माणसांनी भररस्त्यात आमच्या हातून ट्रक काढून नेला असता. पैसाही गेला असता आणि गाडीही.

"अहो, तुम्ही कागद नाही पाहिले?"

हे खरोखर गोंधळले. "आमच्या ट्रकांना कागद कुठे असायचे? गाडी पास झाली, की गेली."

एवढी वर्षं ट्रक बनवले आणि ट्रकला मालक असतो, त्या मालकाला कर्ज असतं, हे ह्यांच्या गावीच नव्हतं. ह्यांचे सगळे ट्रक सरकारचे. मी हसले, आणि मग मला रडूच फुटलं.

दुसऱ्या दिवशी आलोक चेक घ्यायला आला. मी चहा द्यायच्या आधीच विचारलं.

"आहे, काकू. हप्ते थकले आहेत. काकांनी इंजिनाचं विचारलं, ते सगळं सांगितलं. हे विचारलं नाही, तर माझीही हिंमत नाही झाली. तुम्ही पैसे द्या, मी भरून टाकतो. महिनाभरात गाडी तुमच्या नावावर."

ह्यांचा हात चेकबुकाकडे गेलेला मी पाहिला आणि चहाचा ट्रे त्या चेकबुकावरच ठेवला.

"चेक फायनान्स कंपनीच्या नावे निघेल," मी म्हटलं. "तिघं मिळून जाऊ. आधी कर्ज फिटेल, उरेल ते तुझं."

"फार नाही उरणार, काकू."

तो उठला, दाराशी जाऊन चपला घातल्या. आता हा जाणार आणि ह्यांचं स्वप्नही त्याच्या मागोमाग जाणार, असं मला वाटलं. ह्यांच्या चेहऱ्याकडे बघवेना. आलोक दारातूनच मागे वळला. मग म्हणाला, "अच्छा. चलो."

कंपनीच्या ऑफिसात आमचा जवळजवळ सगळा पैसा काचेपलीकडे गेला. उरलेल्या पैशांचं पातळ पाकीट आलोकनं न उघडताच खिशात घातलं. कंपनीचं ना-हरकत पत्र आलं, आरटीओत कर्जाची नोंद रद्द झाली, गाडी ह्यांच्या नावावर झाली. आणि तेव्हा कुठे मला कळलं, की ह्यांच्याकडे ट्रक चालवायचं लायसन्सच नाही.

"आलोक चालवेल," हे शांतपणे म्हणाले. "पगारावर. मी बोललोय त्याच्याशी."

"ज्यानं लपवलं त्यालाच?"

"क्लचचं त्यानंच सांगितलं होतं ना?"

यावर मी बराच वेळ फणफणले. पहिल्या खेपेला मात्र कुणी न बोलावता केबिनमध्ये जाऊन बसले.

पाटनहून मटार भरून परतताना पुन्हा तसंच धुकं होतं. रस्ता समोर दिसेल तेवढाच उरायचा आणि मागे विरून जायचा. हे माझ्या शेजारी, गुडघ्यांवर हात ठेवून, जागेपणी झोपल्यासारखे. शहराजवळच्या चौकात दोन माणसं मोटरसायकल आडवी लावून उभी होती. त्यांनी हात केला. आलोकनं गाडी थांबवली. त्यानं आपल्या बाजूची काच घाईघाईनं वर चढवली.

"कोण आहेत रे?"

"वसुलीवाले, काकू. दोन वर्षं झाली, या लोकांच्या भीतीनं मी खेड्यांतून फिरून जातो. इधर आयाच नहीं."

एकानं नंबर पाहिला, फोनमध्ये टाकला. पुन्हा टाकला. मग मान हलवून बाजूला झाला आणि जा म्हणाला.

आलोकनं गिअर टाकला, पण गाडी पुढे जाईना. त्याचा पाय क्लचवरून निघतच नव्हता. तो रडत होता. हे माझ्यावरून वाकले आणि त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मी इतके दिवस आमच्याच पैशाची चिंता वाहत होते. हा माणूस दोन वर्षं सरळ रस्त्यानं घरी गेला नव्हता, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मला त्याची फार माया आली.

"आलोक," मी म्हटलं, "घाई नाही. डोळे पूस, मग चालव."